फॉर्म ५४१ : बॉम्बर स्क्वाड्रनच्या एका ओळीतले साक्षीदार

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कादंबरी येते, कवितासंग्रह येतो, फार तर सिनेमा. सरकारी फॉर्मची समीक्षा कुणी करत नाही. पण तुम्ही संशोधनाला लागणार असाल, विशेषतः इतिहास, समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या वाटेने, तर पुढची चार-पाच वर्षं तुमचा संसार फॉर्म, रजिस्टर आणि नोंदवह्यांशीच होणार आहे. म्हणून आज एका फॉर्मचीच समीक्षा करू.

हा मजकूर आहे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बर स्क्वाड्रनचं 'ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक'. प्रत्येक स्क्वाड्रनने ते ठेवायचं आणि दर महिन्याला वर पाठवायचं असा दंडक होता. त्याचे दोन भाग. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा: ठिकाण, तारीख, वेळ, काय घडलं. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद: विमानाचा प्रकार आणि क्रमांक, त्यातल्या माणसांची नावं, कामगिरी, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ आणि शेवटी 'तपशील'. या वह्या आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २७' या मालिकेत आहेत. भारतीय वायुदलाच्या स्क्वाड्रनही त्या काळात हेच फॉर्म भरत होत्या. म्हणजे उद्या तुमच्यापैकी कुणी ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या भारतीय वैमानिकांवर काम करायला घेतलं, तर त्यालाही हाच कागद वाचावा लागेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फॉर्म ५४१ मधली एक ओळ म्हणजे एका माणसाची साक्ष नव्हे. तीत तीन-चार वेगवेगळ्या साक्षी एकाच टाइपरायटरखाली, एकाच शाईत, शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. दिसायला सगळ्या सारख्या, पण विश्वासाच्या लायकीने अजिबात सारख्या नाहीत. हे न ओळखता ती ओळ वाचली तर काय होतं, याची किंमत त्या युद्धात माणसांच्या जिवाने मोजली गेली. आणि ती ओळ नीट वाचली तरी तिचं पुढे काय होतं, हाही प्रश्न उरतोच.

आधी दिवस समजून घ्या

कागद वाचण्याआधी तो कुठल्या कामातून तयार झाला ते बघायचं असतं. १९४३-४४ च्या सुमारास लँकेस्टर विमानं उडवणाऱ्या स्क्वाड्रनचा साधारण दिवस असा जाई.

सकाळी हाय विकम्बजवळच्या बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात हवामानाचा अंदाज ऐकून सरसेनापती आर्थर हॅरिस त्या रात्रीचं लक्ष्य ठरवत. तिथून निरोप ग्रुपकडे, ग्रुपकडून स्टेशनकडे, स्टेशनकडून स्क्वाड्रनकडे जाई. आज रात्री उड्डाण आहे एवढं कळलं की स्टेशनवरून बाहेर जाणारे फोन बंद. स्क्वाड्रनचा प्रमुख त्या रात्री कोणकोण जाणार याची यादी लावी. वैमानिक आपलं विमान दिवसा थोडा वेळ उडवून तपासून घेत. दुरुस्त करायचं असेल तर जमिनीवरचे मेकॅनिक उघड्यावर, थंडीवाऱ्यात, इंजिनाशी झटत. पेट्रोल किती भरायचं ते लक्ष्याच्या अंतरावर ठरे. त्यामुळे टाकीत किती ओतायला सांगितलंय यावरून जमिनीवरच्या माणसांना लक्ष्य जवळचं की लांबचं याचा अंदाज बांधता येई. शस्त्रागारातली माणसं ट्रॉलीवरून बॉम्ब आणून विमानाच्या पोटात चढवत. अनेकदा एक चार हजार पौंडांचा मोठा बॉम्ब आणि त्याच्याभोवती आग लावणाऱ्या बॉम्बच्या पेट्या, असा तो भार असे.

मग ब्रीफिंग. पडदा बाजूला होई, नकाशावरची फीत कुठपर्यंत गेलीय ते दिसे. लँकेस्टरमध्ये सात जण: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब-एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. बहुतेकांचं वय विशीच्या अलीकडे-पलीकडे. उड्डाणाआधीच्या जेवणात अंडं मिळे. रेशनच्या त्या दिवसांत अंडं ही चैन होती. मग पॅराशूट घ्यायचं आणि गाडीत बसून विमानापाशी जायचं. गाडी चालवणारी अनेकदा वायुदलाच्या महिला शाखेतली मुलगी असे. उड्डाण झालं की कंट्रोल टॉवरमध्ये फळ्यावर प्रत्येक विमानासमोर वेळ लिहिली जाई. त्यानंतर जमिनीवरच्यांचं काम एकच, वाट बघणं.

पहाटे विमानं परतली की गुप्तवार्ता अधिकारी एकेका क्रूला टेबलाभोवती बसवून प्रश्न विचारी. हातात चहाचा मग. लक्ष्य दिसलं का, कशावरून ओळखलं, किती उंचीवरून बॉम्ब टाकले, किती वाजता, आगी दिसल्या का, शत्रूची विमानं कुठे भेटली? त्यातून एक अहवाल तयार होई. त्या अहवालाचं, वेळांच्या नोंदीचं आणि यादीचं मिळून पुढे कारकुनाच्या टेबलावर फॉर्म ५४१ टाइप होई.

कधी असंही होई की दिवसभर सगळी तयारी झाली, बॉम्ब चढले, माणसं विमानापाशी जाऊन उभी राहिली आणि हवामान बिघडल्यामुळे मोहीम रद्द झाली. मग बॉम्ब पुन्हा उतरवा. त्या दिवशी फॉर्म ५४० मध्ये काय लिहिलं जाई? मोहीम रद्द, एवढंच. दिवसभराची भीती, दिवसभराची हमाली आणि दोन शब्द. फॉर्म ५४१ तर त्या दिवसापुरता कोराच, कारण तो उड्डाणांचा फॉर्म आहे. उड्डाण नाही तर नोंद नाही.

एक ओळ, वेगवेगळे साक्षीदार

आता ती ओळ फोडून बघू. डावीकडून उजवीकडे जा आणि प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: हे कुणी पाहिलं?

उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ जमिनीवरच्या माणसाने, घड्याळ बघून, घटना घडत असतानाच टिपलेली. विमानातल्या कुणाचा त्यात हितसंबंध नाही. हे रकाने सर्वांत भक्कम.

क्रूची नावं यादीवरून आलेली. साधारण बरोबर. पण ऐनवेळी कुणी आजारी पडलं आणि दुसरा गनर चढला, तर यादी आणि विमान यांच्यात फरक पडू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे हे नाव त्या माणसाच्या वैयक्तिक लॉगबुकशी ताडून बघायचं.

आणि शेवटचा रकाना, 'तपशील'. 'ठरलेल्या लक्ष्यावर इतक्या फुटांवरून बॉम्ब टाकले, मोठ्या आगी दिसल्या', या थाटाची वाक्यं इथे पानोपानी सापडतात. हे कुणी पाहिलं? अंधारात, हजारो फूट उंचीवर, सर्चलाइट आणि तोफांच्या माऱ्यात, रात्रभर जागलेल्या सात जणांनी. नंतर ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. अधिकाऱ्याने ते प्रश्नावलीच्या भाषेत उतरवलं. कारकुनाने आणखी आखडून टाइप केलं. म्हणजे हा रकाना घटनेपासून तीन पायऱ्या लांब आहे. शिवाय स्क्वाड्रनगणिक त्याची तऱ्हा वेगळी. कुठे उंची, दिशा, ढग सगळं सविस्तर, तर कुठे एका वाक्यात बोळवण. त्यामुळे दोन स्क्वाड्रनची तुलना करताना तुम्ही त्यांच्या कामगिरीची तुलना करताय की त्यांच्या कारकुनांची, हे आधी ठरवावं लागतं.

मघाशी ज्याला समीक्षा म्हटलं ती हीच. इतिहासाच्या पुस्तकात याला साधनचिकित्सा असं भारदस्त नाव आहे. पण करायचं काय असतं, तर रकान्यागणिक साक्षीदार ओळखायचा.

१९४१ चा उन्हाळा: एक सिनेमा आणि एक अहवाल

'तपशील' हा रकाना खरा मानला तर काय होतं? जुलै १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये 'टार्गेट फॉर टुनाइट' नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक हॅरी वॉट, निर्मिती सरकारच्या क्राउन फिल्म युनिटची. नट कुणी नाही, वायुदलातलीच खरी माणसं. एक वेलिंग्टन विमान, 'एफ फॉर फ्रेडी', जर्मनीतल्या एका काल्पनिक तेलसाठ्यावर जातं, नेम धरतं, साठा पेटतो, विमान जखमी होऊन पण सुखरूप परततं. वैमानिकाच्या भूमिकेत पिकार्ड हा खराखुरा वैमानिक होता. पुढे फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँच्या तुरुंगावरच्या हल्ल्यात तो मारला गेला.

चित्रपट म्हणून तो आजही बघण्यासारखा आहे. माणसांचं कमी बोलणं, टेबलावरचे नकाशे, वाट बघणारी खोली, सगळं अस्सल वाटतं. आणि नेमकी तिथेच त्याची खोच आहे. दिनक्रमाचा प्रत्येक तपशील खरा असल्यामुळे शेवटचा तपशील, म्हणजे बॉम्ब बरोबर साठ्यावर पडला, हाही आपण त्याच विश्वासाने गिळतो. फॉर्म ५४१ ची ओळ अगदी असंच करते. उड्डाणाची वेळ मिनिटापर्यंत अचूक, म्हणून पुढचं वाक्यही अचूक असणार असं वाचणाऱ्याला नकळत वाटतं. एका रकान्याची पत दुसऱ्या रकान्याला उसनी मिळते. संशोधनात आपल्याला सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच.

हा चित्रपट थिएटरांत चालू होता त्याच सुमारास युद्धमंत्रिमंडळाच्या सचिवालयातले एक सनदी नोकर, डी. एम. बट, फोटो बघत बसले होते. चर्चिलचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी हे काम लावून दिलं होतं. काही विमानांत कॅमेरे होते. बॉम्ब टाकताना त्यांनी फ्लॅशच्या उजेडात खालचा फोटो घेतलेला असे. जून आणि जुलै १९४१ मधल्या सुमारे शंभर हल्ल्यांतले सहाशेहून जास्त फोटो बट यांनी घेतले आणि क्रूच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिले. ऑगस्ट १९४१ मध्ये अहवाल आला. ज्या विमानांची नोंद 'लक्ष्यावर हल्ला केला' अशी होती, त्यांपैकी फक्त तीनातलं एक लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोचलं होतं. फ्रान्सच्या बंदरांवर हे प्रमाण बरं होतं, तीनात दोन. जर्मनीवर चारात एक. रूरच्या धुरकट औद्योगिक पट्ट्यात दहात एक.

पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. त्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, क्षेत्रफळ येतं दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात शेतं, रानं, नद्या सगळं येतं. 'लक्ष्यावर' या शब्दाची व्याख्या इतकी सैल केल्यावरसुद्धा दोनतृतीयांश बाहेर.

मग क्रू खोटं बोलत होते का? नाही. अंधार होता, ढग होते, वाऱ्याचा अंदाज चुकला की विमान मैलोनमैल बाजूला जाई. जर्मनांनी मोकळ्या जागी फसव्या आगी पेटवून ठेवलेल्या असत. थकलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी खाली आग दिसली, तर ती आपल्याच लक्ष्याची आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. ते प्रामाणिकपणे चुकीचं सांगत होते. म्हणून 'साक्षीदार प्रामाणिक आहे' आणि 'साक्ष खरी आहे' ही दोन वाक्यं तुमच्या प्रबंधात कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका.

बट यांच्या कामातली बारीक गोष्ट अनेक वाचकांच्या नजरेतून सुटते. त्यांचं प्रमाण हे सगळ्या विमानांचं नाही. ज्यांनी हल्ला केल्याचा दावा केला तेवढ्यांचंच आहे. लक्ष्य सापडलं नाही असं स्वतःच सांगणारे क्रू त्यात धरलेलेच नाहीत. ते धरले असते तर चित्र आणखी वाईट दिसलं असतं. कुठलाही टक्का वाचताना छेदस्थानी कोण आहे ते आधी बघायचं, ते यासाठी.

आता परिणाम. तेव्हाचे बॉम्बर कमांडचे प्रमुख रिचर्ड पीअर्स यांना हे निष्कर्ष पटले नाहीत. पण वर त्यांची दखल घेतली गेली. दिशा शोधणारी 'जी' ही रेडिओ यंत्रणा मार्च १९४२ पासून मोठ्या प्रमाणावर वापरात आली, वाट दाखवणारी पाथफाइंडर पथकं ऑगस्ट १९४२ मध्ये उभी राहिली. आणि या दोन्हींच्या आधी, १४ फेब्रुवारी १९४२ चा आदेश आला, की हल्ल्यांचा रोख शत्रूच्या नागरिकांच्या, विशेषतः औद्योगिक कामगारांच्या, मनोधैर्यावर ठेवावा. नेम लागत नसेल तर लक्ष्यच मोठं करा, कारखान्याऐवजी शहर घ्या, असा त्यातला हिशेब. त्यामागे इतरही कारणं होती, पण बट अहवालाने उघड केलेली असमर्थता हे त्यांतलं एक मोठं कारण. पुढच्या वर्षी, जुलै १९४३ मध्ये, हॅम्बुर्गमध्ये एका आठवड्यात तीस हजारांहून जास्त माणसं मेली.

म्हणजे रजिस्टर नीट वाचलं गेलं आणि तरी त्यातून निघालेला निर्णय असा होता. चांगली साधनचिकित्सा आपोआप चांगल्या हेतूकडे नेत नाही. आपण पद्धतीचे तास भरभरून घेतो, त्यात हे वाक्य सहसा येत नाही.

कोरा रकाना

दुसरा वाचक फ्रीमन डायसन. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेले डायसन १९४३ च्या जुलैत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोडीला रुजू झाले. त्यांनी पुढे त्या दिवसांबद्दल जे लिहिलं, ते संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं माझं मत आहे.

फॉर्म ५४१ मध्ये विमान परतलं नाही की उतरण्याच्या वेळेचा रकाना कोरा, आणि तपशिलात एक ठराविक वाक्य: उड्डाणानंतर या विमानाकडून काही कळलं नाही. सात माणसं आणि एक वाक्य. आता विचार करा, मोहिमेत सगळ्यात महत्त्वाचं काय घडलं हे कोणाला ठाऊक होतं? जे परतले नाहीत त्यांना. आणि तपशिलाचा रकाना फक्त परतलेल्यांचा आहे.

याचा थेट परिणाम झाला. क्रूना सांगितलं जाई, की पहिल्या काही मोहिमा निभावल्या की अनुभवाने वाचण्याची शक्यता वाढते. डायसन यांनी नव्याने, काळजीपूर्वक आकडेमोड केली, तेव्हा दिसलं की ही गोष्ट पूर्वी कधीकाळी खरी असेल, आता नव्हती. अनुभवी आणि नवखे, दोघे सारख्याच प्रमाणात पडत होते. कारण नंतर उलगडलं. जर्मन रात्रलढाऊ विमानांवर वरच्या दिशेला तिरक्या तोफा बसवल्या होत्या. ती खालून, आंधळ्या बाजूने येत. ज्यांनी तो हल्ला पाहिला ते सांगायला परतत नव्हते, आणि जे परतत होते त्यांनी तो पाहिलेला नसे. अनुभव कामाला येणार कसा?

लाल ठिपक्यांचं विमान तुम्ही सोशल मीडियावर पाहिलं असेलच, गोळ्या जिथे लागलेल्या नाहीत तिथे चिलखत लावा, ती एब्राहम वॉल्ड यांची गोष्ट. ते चित्र नंतरचं आहे, समजावण्यासाठी काढलेलं. पण मुद्दा तोच. फरक एवढा, की तिथे परत आलेली विमानं वाचायची होती, इथे परत आलेली वाक्यं.

कोरा रकाना मग वाचायचाच नाही का? वाचता येतो, पण दुसऱ्या यादीशेजारी ठेवून. शत्रूच्या हाती जिवंत लागलेल्यांची नावं रेड क्रॉसमार्फत ब्रिटनला कळत. त्यामुळे पडलेल्या विमानांतले किती वाचले हे काढता येई. डायसन यांनी दिलेले आकडे असे: हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग विमानं पडली तर सुमारे २५ टक्के माणसं वाचत, लँकेस्टरमध्ये फक्त १५ टक्के. लँकेस्टर हे सगळ्यांत चांगलं बॉम्बर मानलं जाई. पण पॅराशूट बांधून उडी मारायची त्याची झडप २२ इंच रुंद होती, म्हणजे अरुंद. डायसन यांचे एक सहकारी ती झडप रुंद करून घेण्यासाठी भांडत राहिले. निर्णय होऊन प्रत्यक्ष बदल व्हायला इतका उशीर झाला, की तोवर युद्ध संपत आलं होतं.

इथे थोडं गणित करून बघा. एका क्रूचा पहिला करार तीस मोहिमांचा. दर मोहिमेला शंभरातली पाच विमानं पडत असतील, तर तीसही मोहिमा पार करण्याची शक्यता ०.९५ चा तिसावा घात, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपास. प्रमाण तीन टक्के असेल तर ४० टक्के. पाच आणि तीन, कागदावर किती जवळचे आकडे. बॉम्बर कमांडच्या सुमारे १ लाख २५ हजार उड्डाणकर्मींपैकी ५५,५७३ मेले. झडपेच्या दोन-चार इंचांचा हिशेब या आकड्याशेजारी ठेवून करायचा असतो.

कादंबरीकार काय भरतो

तिसरा वाचक कादंबरीकार. लेन डेटन यांची 'बॉम्बर' ही कादंबरी १९७० मध्ये आली. एका हल्ल्याचे चोवीस तास, तासागणिक. इंग्लंडमधला विमानतळ, जर्मन रडार केंद्र, रात्रलढाऊ वैमानिक आणि आल्टगार्टेन नावाचं एक लहान काल्पनिक गाव. हल्ला व्हायचा असतो क्रेफेल्डवर. खुणेचे दिवे चुकीच्या जागी पडतात आणि बॉम्ब आल्टगार्टेनवर कोसळतात.

डेटन यांनी घटनेला तारीख दिलीय ३१ जून १९४३. जून तीस दिवसांचा. म्हणजे सगळा तांत्रिक तपशील काटेकोर, आणि तारीख उघडउघड अस्तित्वात नसलेली. मला ही प्रामाणिकपणाची खूण वाटते. 'टार्गेट फॉर टुनाइट'ने खऱ्या दिनक्रमाच्या जोरावर खोटा नेम खपवला; डेटन तारखेपाशीच सांगून टाकतात, की हे रचलेलं आहे.

कादंबरीची खरी कमाई म्हणजे फॉर्ममध्ये नसलेले रकाने ती भरते. फॉर्म ५४१ मध्ये मेकॅनिकला रकाना नाही, बॉम्ब चढवणाऱ्याला नाही, गाडी चालवणाऱ्या मुलीला नाही. ज्याचं मन खचलं त्यालाही नाही. उडायला नकार देणाऱ्यावर 'नैतिक बळाचा अभाव' असा शिक्का मारून त्याला स्टेशनवरून तातडीने हलवलं जाई. आणि खाली असलेल्या माणसांना तर नाहीच नाही. तिथे फक्त 'आगी दिसल्या'. डेटन त्या आगीत नेऊन उभं करतात. पाठोपाठ येणारी विमानं थोडे थोडे आधी बॉम्ब टाकत जातात आणि मारा मागे मागे सरकतो, ही खरोखर घडणारी गोष्ट ते गावातल्या गल्ल्यांच्या पातळीवरून दाखवतात. तीच गोष्ट वरून फॉर्ममध्ये 'लक्ष्यावर' म्हणून नोंदली जाते.

दोषही आहेत. पात्रं फार, आणि त्यातली बरीच एकेका गुणावर उभी. वर्गभेदाचा मुद्दा कधीकधी हातोड्याने ठोकल्यासारखा येतो. यंत्रांची वर्णनं इतकी तपशीलवार, की काही वाचक पानं उलटतील. पण ती उलटू नका. यंत्राला भीती नाही, द्वेषही नाही, ते फक्त चालतं, हे त्या कोरड्या वर्णनांतूनच अंगावर येतं.

आणि तरी संशोधक म्हणून एक मर्यादा ध्यानात ठेवा. डेटन रिकामा रकाना कल्पनेने भरू शकतात. तुम्ही नाही. तुम्हाला तो दुसऱ्या साधनाने भरावा लागेल, नाही तर रिकामा आहे असं लिहावं लागेल. मार्टिन मिडलब्रुक या कुक्कुटपालन करणाऱ्या गृहस्थांनी १९७३ मध्ये न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यावर पुस्तक लिहिलं. ३० मार्च १९४४ ची ती रात्र, ७९५ विमानं, ९५ परतली नाहीत. त्यांनी कागदपत्रांना जोड दिली ती हयात असलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या आठवणींची. त्या रात्री शंभराहून अधिक विमानांनी न्यूरेंबर्ग समजून श्वाइनफुर्टच्या परिसरात बॉम्ब टाकले होते. बट अहवालाला तोवर अडीच वर्षं झाली होती, यंत्रणा सुधारल्या होत्या, आणि 'तपशील' हा रकाना तरीही माणसाला जे वाटलं तेच सांगत होता.

मग या वहीचं मूल्य काय?

एवढं सगळं वाचून ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक निरुपयोगी आहे असं तुम्हाला वाटलं, तर मी ते चुकीचं समजावलं. कोण, कोणत्या विमानातून, किती वाजता गेलं आणि किती वाजता परत आलं किंवा आलं नाही, याला या वहीइतकं चांगलं साधन क्वचितच सापडेल. शिवाय तपशिलाचा रकानाही अमूल्य आहे. फक्त त्याला योग्य प्रश्न विचारायला हवा. बॉम्ब कुठे पडले, हे त्याला विचारू नका. ते फोटोला विचारा. परतलेल्या माणसाला काय पाहिल्यासारखं वाटलं आणि संस्थेला त्याच्याकडून काय ऐकायचं होतं, हे विचारा. त्याचं उत्तर तो चोख देतो.

आता तुमच्या कामाकडे. तुमचं साधन बॉम्बर स्क्वाड्रनचं नसेल. मोडीतलं दप्तर असेल, दवाखान्याचं नोंदणी रजिस्टर असेल, तलाठ्याची पीकपाहणी असेल. संशोधन आराखडा लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ द्या आणि त्या साधनाच्या एका कोऱ्या नमुन्यावर, प्रत्येक रकान्याखाली, पेन्सिलीने चार गोष्टी लिहा. हे कुणी पाहिलं, की कुणी ऐकलं? लिहिलं केव्हा, घडताना की महिनाअखेरीला? रकाना कोरा सोडला तर लिहिणाऱ्याला जाब द्यावा लागत होता का? आणि ज्याच्याबद्दल हे आहे, तो बोलायला परत आला होता का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर दुसरी यादी कुठे आहे ते शोधायला लागा. ती बहुतेक वेळा दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या भाषेत असते. गाईडने विचारलं, इतका वेळ कशात गेला, तर सांगा, एक रकाना वाचत होते.